दत्तोबांची मागची रांग

दत्तोबा,

आपल्या पंपांच्या कंपनीच्या गृहपत्रिकेच्या संपादकांनी मला एक छापील कागद भरायला दिला होता. वर 'दिवंगत सहकारी', खाली रकाने. गाव, रुजू झाल्याचं साल, विभाग, मागे कोण कोण. शेवटी 'स्वभावविशेष', आणि त्याला दोन ओळींची जागा. दहा मिनिटांत भरून दिला. पुनावळे, बासष्ट, स्टोअर. स्वभावविशेषात 'कामसू व मितभाषी' असं लिहिलं. त्यातला दुसरा शब्द खोटा आहे. माझ्याशी तुम्ही सहा वर्षं भांडलात.

तो कागद त्यांचा होता. हा तुमचा.

तुम्हाला जाऊन तीन महिने होत आले. या दिवसांत तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण ते बसच्या थांब्यावर, भाजी निवडताना, असं तुटक तुटक. तसं मला चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणायचात, "बाई, तुमी झोपताना बी यादी करून झोपत असाल." करते. त्या यादीत तुमचं नाव अजून आहे, आणि ते का खोडता येत नाही ते आज लिहून काढायचं आहे.

कॉम्प्युटरचं यंत्र येण्याआधीची सोमवारची बैठक आठवते? साहेबांच्या खोलीत कोणता माल मागवायचा, किती मागवायचा, यावर खल चालायचा. मी टिपणं घ्यायला भिंतीलगत बसलेली असे. अर्धा तास आकड्यांचा घोळ झाला की साहेब शिपायाला म्हणत, "दत्तोबाला बोलव." तुम्ही यायचात. टोपी काढून हातात धरायचात आणि उभ्याउभ्याच सांगायचात, "ऑइल सील पंधरा दिस पुरतील. गॅस्केट न्हाईत. बेरिंगवाल्याच्या घरी लगीन हाय, तो म्हैनाभर माल द्यायचा न्हाई, आत्ताच सांगून ठिवा." बैठक संपायची. चहासुद्धा गार झालेला नसायचा.

मग कॉम्प्युटर आला आणि मला त्या विभागात घेतलं. आमचं काम ठरलेलं होतं. स्टोअरमधली एकेक वस्तू रोज किती गेली, किती उरली ते पंचकार्डावर भोकं पाडून यंत्राला द्यायचं. यंत्रानं हिशेब करायचा आणि दर सोमवारी यादी छापायची: हे मागवा, हे थांबवा, याचा साठा कमी करा. निर्णय साहेबांचाच राहणार, यंत्र फक्त सल्ला देणार, असं पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगण्यात आलं. पण सहा महिन्यांत "दत्तोबाला बोलव" बंद झालं आणि "यादी काय म्हणते?" सुरू झालं. यादी माझ्या हातात असायची. मला ते आवडलं होतं. आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू?

त्या पहिल्या खंडेनवमीला तुम्ही नारळ आणि झेंडूची माळ घेऊन आमच्या दाराशी आलात. चपला बाहेर काढल्यात. आत गारवा असतो म्हणून शर्टाची वरची गुंडी लावलीत. आमचे इंजिनिअर धावत आले, "अहो, कुंकू आत नको, धूळ चालत नाही यंत्राला!" तुम्ही त्यांच्याकडे शांतपणे पाहिलंत. "धूळ चालत न्हाई? मंग कारखान्यात कशाला आलंय हे?" पंचरूममधल्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही काचेच्या बाहेरच माळ टांगलीत, उंबऱ्यावर नारळ वाढवलात, आणि जाता जाता मला विचारलंत, "बाई, ह्याला दिसतं काय काय?"

मी म्हटलं, "कार्डावर जे असेल ते सगळं दिसतं."

"आन् कार्डावर नसंल ते?"

"ते नसतंच."

किती ऐटीत सांगितलं होतं मी. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, पटलं.

त्या यंत्रणेतला एक नियम माझा स्वतःचा होता. ज्या वस्तूचा सहा महिन्यांत एकदाही तुटवडा पडला नाही, म्हणजे चिठ्ठी आली आणि माल देता आला नाही असं झालं नाही, तिचा राखीव साठा एक दशांशानं कमी करायचा. आणखी सहा महिने बघायचं, पुन्हा कमी करायचा. जिथे तुटवडा पडेल तिथे थांबायचं, म्हणजे नेमका किती साठा लागतो ते कळेल. आजही कागदावर वाचला तर तो नियम मला बरोबर वाटतो. फक्त तुटवडा काही पडेना. तुटवड्याच्या रकान्यात शून्य. पुढच्या सहा महिन्यांत शून्य. गोदामाच्या फळ्या रिकाम्या होत गेल्या, पंप जोडणीची लाइन एकदाही थांबली नाही. साहेबांनी बाहेरच्या कंपन्यांचे लोक आणून त्यांना ते शून्य दाखवलं. माझी बढती त्या शून्यावर झाली.

तुम्ही रकाना मागायला आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. उन्हाळा होता. पुनावळ्याहून सायकलनं आल्यामुळे तुमची पाठ भिजली होती आणि आमच्या खोलीत तुम्ही कुडकुडत होतात. तुम्ही समजावून सांगितलंत. फोरमन लोक सकाळी चिठ्ठी फाडून पन्नास नग नेतात, लागतात चाळीस. उरलेले दहा संध्याकाळी खिडकीतून परत देतात, पण त्याची चिठ्ठी करत नाहीत. कारण परतीची चिठ्ठी केली की आपण जास्त मागितलं होतं हे कागदावर येतं, आणि वरून विचारणा होते. म्हणून माल गुपचूप येतो. यंत्राला वाटतं पन्नास गेले.

"तर त्या परत मालाला एक घर द्या कार्डावर," तुम्ही म्हणालात. "म्या भरत जाईन. कुनाचं नाव नको."

मी तुम्हाला कार्ड दाखवलं. त्यावर ऐंशी उभी घरं असतात. ऐंशीच्या ऐंशी भरलेली होती. "जागाच नाही दत्तोबा."

"बाई, शेतात बांधाला बी जागा सोडत्यात."

"हे शेत नाही."

"व्हय, ते बी खरंच," असं म्हणून तुम्ही चपला घालून गेलात. तुम्हाला हाकललं असं वाटू नये म्हणून मी डायरीत लिहून घेतलं: 'दत्तोबा, परत माल, रकाना?'

इथून पुढे माझ्या सवयीची गोष्ट आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी आठवड्याची यादी बघते. झालेलं खोडते, राहिलेलं पुढच्या पानावर उतरवते. गेल्या महिन्यात सगळ्या जुन्या डायऱ्या काढून पाहिल्या. 'दत्तोबा, परत माल, रकाना?' हे वाक्य पानामागून पान उतरत गेलं आहे. शाई बदलते, डायरी बदलते, वाक्य तेच. आणि मग एका शुक्रवारी ते खोडलेलं आहे. समोर झाल्याची खूण आहे. माझ्या पद्धतीप्रमाणे ती खूण काम पुरं झाल्याशिवाय करायची नसते. त्याच आठवड्यात बाहेरच्या पाहुण्यांनी ते शून्य पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. तुटवडा नाही, म्हणजे गरज नाही, असा विचार मी केला असणार. 'असणार' म्हणते, कारण खोडल्याचं मला आठवतही नाही. न केलेल्या कामावर मी एवढी एकच खूण केली आहे, दत्तोबा, आणि ती तुमच्या कामावर.

तुम्ही मात्र मनात काही ठेवलं नाहीत. महिन्याला एकदा पंचरूमच्या दाराशी यायचात, "बाई, भोकाची कागदं हायेत का?" रद्द झालेल्या कार्डांचा एक गठ्ठा मी तुम्हाला द्यायची. पाठ कोरी असते, लिहायला बरी पडतात म्हणायचात. काय लिहिता ते मी कधी विचारलं नाही.

ते कळलं तुम्ही जाण्याआधी जेमतेम दोन आठवडे. एका जातीच्या गॅस्केटचा साठा यंत्राप्रमाणे अकरा दिवस शून्य होता आणि त्या अकराही दिवसांत पंप बाहेर पडत होते. गॅस्केटशिवाय पंप कसा जोडला जाईल? मला वाटलं पंचरूममध्ये कोणाची चूक झाली. कार्डं तपासली, चूक नव्हती. मग यादी हातात घेऊन मी तडक खाली स्टोअरमध्ये आले.

तुम्ही यादी बघितलीही नाहीत. "या," म्हणालात, आणि फळ्यांच्या शेवटच्या ओळीला वळसा घालून मला मागे घेऊन गेलात. भिंत आणि फळी यांच्यामध्ये एक माणूस आडवा जाईल एवढी वाट होती, आणि तिथे तुमची रांग. तेलाच्या कापडात गुंडाळलेली बेअरिंगं, सुतळीत ओवलेली गॅस्केटं, खोक्यांत ऑइल सील. प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्याला आमच्या पंचकार्डांची एक गड्डी टांगलेली. पाठीवर तुमचं अक्षर. कोणत्या लाइनवरून किती आलं, कोणत्या दिवशी कोणाला किती दिलं. कार्डावर साठा संपला की तुम्ही इथून द्यायचात. चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही म्हणून तुटवडा नाही. तुटवडा नाही म्हणून माझा नियम आणखी एक दशांश कापायचा, आणि तुम्ही आणखी थोडं इथून द्यायचात.

मला इतका राग आला की आवाज फुटला. "तुम्ही सहा वर्षं माझे आकडे खोटे पाडलेत!"

"न्हाई वो बाई. तुमचं आकडं खरं ऱ्हावं म्हनून तर म्या हितं बसलोय."

"लाइन एकदा थांबू द्यायची होती! एकदा थांबली असती तर यंत्राला कळलं असतं, त्यानं साठा वाढवून दिला असता."

"लाइन थांबली तर पयला कोन मरतो ठाव हाय? जगन्नाथराव." आपले जोडणीचे फोरमन जगन्नाथराव, परभणीकडचे, काळेवाडीत राहतात. तुमचे आणि त्यांचे रोज खिडकीत शब्द उडायचे. "मंग त्येची मानसं. यंत्र न्हाई मरत. त्येला शिकवायला म्या मानूस कापू?"

मी म्हटलं, "सोमवारपासून ही सगळी रांग यंत्रात घालते. रकाना मी करते, आता करते."

तुम्ही खोक्यावर हात ठेवलात. त्या दिवशी पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. "आता नको! तवा मागितला तवा न्हाई दिला. आता त्येला कळलं ना, तर ते हे बी कापंल. आन् मंग मागं काय ऱ्हाईल?"

"आणि तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त झालात की? तेव्हा काय राहील?"

तुम्ही जरा हसलात. "तवा तुमचं यंत्र हाय की."

मी यादीची घडी घातली आणि म्हटलं, "शनिवारी बसू. अर्धा दिवस असतो, निवांत बोलू." एका शनिवारी तुम्ही पुतणीच्या साखरपुड्याला गेलात. पुढच्या शनिवारच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'दत्तोबा, मागची रांग, बोलणे.' तुम्ही त्याआधीच्या गुरुवारी सकाळी म्हशीची धार काढून उठताना गोठ्यातच कोसळलात. चरवी सांडली नाही, तुमच्या पत्नीनं, सोनाबाईंनी सांगितलं. आधी ती बाजूला ठेवलीत आणि मग खाली बसलात.

आता जे लिहायचं आहे ते लिहावंसं वाटत नाही. पण यादीत आहे, तेव्हा लिहिते.

तुमच्या जागी नवे स्टोअरकीपर आले. त्यांनी रीतसर ताबा घेण्याआधी मोजणी मागितली. मोजणीत मागची रांग निघाली. कार्डांवर नाही, यादीत नाही आणि माल तर आहे. सुरक्षा अधिकारी बैठकीत म्हणाले, "कागदावर नसलेला माल फाटकाबाहेर जाण्यासाठीच साठवतात. आजवर किती गेला असेल कोण जाणे." खोक्यांना टांगलेल्या गड्ड्यांबद्दल मी दबक्या आवाजात विचारलं. "ती रद्दी होती, पंचकार्डं. फेकली," ते म्हणाले. साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही फक्त दोन ओळींचं टिपण द्या. यंत्रणेत दोष नाही, एवढंच. बाकी आम्ही बघतो."

यंत्रणेत दोष नसेल तर दोष कोणाचा, हे त्या खोलीत सगळ्यांना समजत होतं. मलाही समजत होतं. रांग मी पाहिली होती, कार्डं वाचली होती, तुम्ही रकाना मागितला होता. एवढं बोलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी म्हणाले, "बघते." गप्प बसले, दत्तोबा. त्याच खोलीत, जिथे तुम्ही टोपी हातात धरून खरं सांगायचात.

बातमी तुमच्या गावाला पोचायला दोन दिवस लागले. त्या रविवारी मी पुनावळ्याला गेले. सोनाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. हाताला धरून आत घेऊन गेल्या. "बघा. ह्ये घर बघा. फडताळ उघडा. कनगीत बी हात घाला. काय आनलंय त्येंनी कंपनीतनं, ते मला एकदा दावा. जावा म्हनत्यात, समदं गाव म्हनतंय, दत्तू चोर व्हता." मी म्हटलं, "सोनाबाई, असं नका करू." "का नको? तुमी त्या हापिसातल्या ना? मंग तुमीच बघा."

मग त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे आदळला. "एवढंच आनायचं. भरली की आनायचं. म्या एकदा चुलीला लावाया घेतली तर मानूस अंगावर आलं माज्या. उभ्या जन्मात कंदी न्हाई आलं, ते तवा आलं."

डब्यात माझी पंचकार्डं होती. सहा वर्षांची. लिहून भरलेल्या गड्ड्या तुम्ही घरी जपून ठेवत होतात, ते मला ठाऊक नव्हतं. समोरच्या बाजूला माझी भोकं, पाठीवर तुमच्या नोंदी, तारीखवार. शेवटच्या आकड्याखाली प्रत्येक ठिकाणी एक आडवी रेघ. तुमच्यासारखी नोंद आमच्या पंचरूममध्ये कोणी ठेवत नाही, मीसुद्धा नाही. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. सोनाबाई म्हणाल्या, "रडून काय व्हनार बाई. काय लिव्हलंय ते सांगा त्येंना."

डबा घेऊन आले. दोन रविवार घरात चटई अंथरून कार्डं वस्तूवार लावली. मग एकेक नोंद टोचून यंत्राला दिली आणि त्याला विचारलं, मागची रांग नसती तर काय झालं असतं? उत्तर छापून आलं. ज्या दिवशी लाइन थांबली असती त्या दिवसांच्या तारखा एका पानात मावल्या नाहीत. माझं शून्य तुम्ही एकेक गॅस्केट देऊन उभं केलं होतं.

माझं टिपण दोन ओळींत बसलं नाही. त्याला मी तीन गोष्टी जोडल्या. तुमचा डबा, यंत्रानं छापलेला तो तारखांचा कागद आणि माझ्या डायरीची पानं, खोडलेल्या पानासकट. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. "यात तर तुमचंच नाव येतं."

"हो."

"हे देण्याची गरज नाही. नुसती कार्डंही पुरतील."

"कार्डांवरून त्यांनी लपवलं एवढंच दिसतं. त्यांनी आधी सांगितलं होतं, हे या पानावर आहे. ते कोणाला सांगितलं, हेही."

साहेबांनी पान टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "दत्तोबाला बोलवायचं आपण कधीपासून बंद केलं हो?" ते मला विचारत नव्हते बहुतेक. तरी मी सांगितलं, "यादी सुरू झाल्यापासून."

तुमच्यावरचा आरोप मागे घेतल्याचं पत्र निघालं. ते मी टपालावर सोडलं नाही. पुनावळ्याला जाऊन सोनाबाईंच्या ओसरीवर, तुमच्या भावकीला बोलावून मोठ्यानं वाचलं. जावा होत्या. सोनाबाई पदर सारखा करून बसल्या होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "आजून एकडाव वाचा." वाचलं. या वेळी मला बसायला पाट दिला आणि चहा केला.

कार्डावर आता परत मालाचा रकाना आहे. वस्तूच्या नावातली तीन अक्षरं कमी केली आणि जागा झाली. इतकी सोपी होती ती जागा. फोरमन लोक अजून तो भरत नाहीत, पण सांगते आहे.

आणि ज्यासाठी तुम्ही खोक्यावर हात ठेवलात, ते झालं. मागची रांग हिशेबात घेण्यात आली. यंत्राला कळलं. एवढा माल आहे तर नवा कशाला, असं यादीनं सांगितलं आणि तो संपेपर्यंत त्या वस्तूंची खरेदी थांबली. एक दशांश कापणारा माझा नियम स्थगित करावा म्हणून मी अर्ज दिला आहे. 'विचाराधीन' असा शेरा आला आहे. तुमचं नाव सोडवायचं तर रांग दाखवावी लागणार होती, आणि दाखवली की ती जाणार होती. दुसरी वाट होती का? त्या शनिवारी तुम्हाला हेच विचारायचं होतं. मला अजूनही वाटतं, लाइन तुम्ही एकदा थांबू द्यायला हवी होती. तुम्ही काय म्हणाला असता तेही मला ठाऊक आहे. हा वाद मी एकटीनं कसा मिटवणार?

हल्ली सकाळी अर्धा तास मी स्टोअरच्या खिडकीत जाऊन बसते. परवा जगन्नाथराव आले. घाईत होते, हातात चिठ्ठी. तुमच्या त्याच गॅस्केटची. नव्या स्टोअरकीपरांनी कार्ड बघून सांगितलं, साठा नाही. मागवलाय, चार दिवसांत येईल.

"चार दिवस? लाइन थांबायलीय इथं!" मग जगन्नाथरावांनी मला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, मागं बघा की. मागं असंल. दत्तोबा मागूनच काढून द्यायचे."

"मागे काही नाही, जगन्नाथराव. सगळं कार्डावर आलंय."

"एकदा बघा तर."

मी उठले. फळ्यांना वळसा घालून त्या अरुंद वाटेनं आत गेले. तिथे काही नाही हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, ती रांग माझ्याच यादीनं रिकामी केली होती. तरी प्रत्येक खोक्यात हात घालून बघितला. एका खोक्याला तुमची सुतळी तेवढी राहिली होती.

परत आले तेव्हा जगन्नाथराव खिडकीत तसेच उभे होते. माझ्या रिकाम्या हातांकडे बघून वळले. लाइन पावणेदहाला थांबली. संध्याकाळी त्यांना वर बोलावलं होतं. मीही गेले, न बोलावता, आणि चूक त्यांची नाही, माझ्या नियमाची आहे, ते सांगून आले.

मग खाली येऊन त्या दिवसाचं कार्ड मी स्वतः भरलं. तुटवड्याच्या रकान्यात एक लिहिला. सहा वर्षांत तो आकडा तुम्ही मला कधी लिहू दिला नव्हता.